पाच भाषांची साइट मंदावली म्हणून भाषा काढू नका, आधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल-चादरींचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका पेढीची साइट एक तरुण डेव्हलपर सांभाळतात. वर्डप्रेस, आणि त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स. ४,२०० प्रॉडक्ट, प्रत्येकाचे रंग-मापाचे सरासरी ६ प्रकार, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी, तेलुगू, कन्नड अशा ५ भाषा. भाषांतराचं प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा पूरक प्रोग्राम) प्रत्येक भाषेसाठी वेगळी पोस्ट, म्हणजे डेटाबेसमधली स्वतंत्र नोंद, तयार करणारं. मुखपृष्ठ ठीक उघडतं. पण लॉग-इन केलेल्या व्यापाऱ्याला यादीचं पान ७-८ सेकंदांनी दिसतं, एक प्रॉडक्ट सेव्ह करायला ४० सेकंद लागतात, आणि टॅलीतून येणारा माल-साठा रात्री १० वाजता चढवायला लावला तर सकाळी दुकान उघडेपर्यंत संपत नाही. सर्व्हर ४ जीबीचा ८ जीबी केला, फरक काहीच नाही. होस्टिंगवाले आता १६ जीबी घ्या म्हणतात. कुणी तरी असंही सांगितलंय की तेलुगू आणि कन्नड काढून टाका, साइट पळेल. विचारणं एवढंच: सर्व्हर वाढवू की भाषा कमी करू?

दोन्ही नको. निदान अजून तरी नको.

भाषेचं आधी बोलतो, कारण त्या सल्ल्याने मला खरंच वाईट वाटलं. आपल्या गावात मागावर बसणारा, मालाला गाठी मारणारा, हिशेब लिहिणारा कितीतरी माणूस घरी तेलुगू बोलतो. विजयपूर, कलबुर्गीकडून माल न्यायला येणारा दुकानदार कन्नडमध्ये विचार करतो. या लोकांच्या भाषेत साइट करायला मालक तयार झाले, पैसे घातले, भाषांतर करून घेतलं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका ऑफिसात पाहिलंय. ऑर्डर घेणाऱ्या बाई फोन कानाला लावून स्क्रीनवरचं माप, वजन, रंग तेलुगूत जसंच्या तसं वाचून दाखवत होत्या. पलीकडच्या माणसाला एकदाही पुन्हा विचारावं लागलं नाही. ही सोय वेगाच्या नावाखाली काढून टाकायची नसते. भाषा जड नसतात. त्या साठवायची जी रीत आपण निवडलेली असते ती जड असते, आणि रीत बदलता येते.

आता हिशेब मांडू. ४,२०० प्रॉडक्ट आणि त्यांचे २५,२०० प्रकार, म्हणजे २९,४०० पोस्ट. वूकॉमर्समध्ये व्हेरिएशन हीसुद्धा स्वतंत्र पोस्टच असते, हे पुष्कळ जण विसरतात. त्याला ५ ने गुणा: १ लाख ४७ हजार. एका पोस्टमागे किंमत, साठा, माप, वजन, चित्र आणि बाकीच्या प्लगिनांनी टाकलेल्या नोंदी मिळून ३० मेटा धरल्या तर पोस्टमेटाच्या टेबलात ४४ लाख ओळी होतात. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत ४३ लाख दिसतात, म्हणजे गणित जुळतं. गोम अशी की त्या ४३ लाखांतल्या बहुतेक ओळी भाषेच्या नाहीतच. १,२५० रुपये हे तेलुगूतही १,२५०च असतात. ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल कन्नडमध्ये वेगळ्या वजनाचा होत नाही. शब्द वेगळे असतात ते फक्त नाव, वर्णन आणि रंग-मापाच्या लेबलांत. बाकी सगळं आपण पाच-पाच वेळा लिहून ठेवलंय, आणि ते पाचही ठिकाणी सारखं राहावं म्हणून प्लगिन जिवाचा आटापिटा करतंय. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ इथे आहे.

सर्व्हर ८ जीबी करून फरक का पडला नाही? मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये इनोडीबी या साठवणीच्या यंत्रणेचं बफर पूल नावाचं एक सेटिंग असतं. डेटाबेसने मेमरीत किती डेटा धरून ठेवायचा ते त्यावर ठरतं. ते मुळात १२८ एमबी असतं. तुमचा नुसता पोस्टमेटा इंडेक्सांसकट (ओळी पटकन शोधायच्या सूचींसकट) २ जीबीच्या पुढे गेलाय. सर्व्हरची मेमरी वाढली, पण डेटाबेसला ते कुणी सांगितलंच नाही. तो आजही १२८ एमबीतच भागवतोय आणि प्रत्येक यादीसाठी डिस्ककडे धावतोय. १६ जीबी केलेत तरी तो तसाच धावेल. पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) आणि वेबसर्व्हर त्याच मशीनवर आहेत, तेव्हा बफर पूलला ३ जीबीपासून सुरुवात करा आणि दोन दिवस मेमरी किती उरते ते बघा. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी करायचं आहे.

पण एवढ्याने ४० सेकंदांचे २ सेकंद होणार नाहीत. त्यासाठी मोजावं लागेल. क्वेरी मॉनिटर हे फुकटचं प्लगिन स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, टाका, व्यापाऱ्याच्या खात्याने लॉग-इन करा आणि तेलुगूतलं चादरींचं यादीचं पान उघडा. लॉग-इन मुद्दाम सांगतोय. तुम्ही स्वतः खासगी विंडोत साइट तपासत असाल तर तुम्हाला पेज कॅशमधलं तयार पान मिळतं आणि वाटतं की सगळं छान आहे. तुमची खरी गिऱ्हाईकं लॉग-इन केलेली आहेत, कारण घाऊक भाव त्यांनाच दिसतात. त्यांना कॅशचा फायदा मिळतच नाही.

तिथे दोन आकडे बघायचे: एकूण क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, किती, आणि सगळ्यात लांब क्वेरी किती सेकंदांची. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचं औषधही वेगळं आहे. पाणी उशिरा मिळतंय ते विहीर खोल आहे म्हणून, की घागर लहान आणि खेपा दोन हजार आहेत म्हणून, हे आधी कळायला हवं.

खेपा जास्त असतील, म्हणजे एका पानाला हजार-दीड हजार क्वेरी दिसल्या, तर त्या कोण करतंय ते क्वेरी मॉनिटर कंपोनंटनुसार, म्हणजे प्लगिन-थीमनुसार, दाखवतं. माझ्या अनुभवात अशा वेळी बहुधा भाषा बदलण्याचं बटण सापडतं. वर एक बटण असलं तर काही बिघडत नाही. पण थीमने प्रत्येक प्रॉडक्टच्या चौकटीत 'हे इतर भाषांत पाहा' अशी छोटी चिन्हं टाकलेली असली, तर ४८ प्रॉडक्टांच्या पानावर प्रत्येकाच्या पाचही भाषांतल्या भावंडांचा पत्ता, त्यांची स्थिती आणि त्यांची लिंक शोधली जाते. मेनूचंही तसंच: ६० नोंदींचा मेगामेनू असेल तर प्रत्येक नोंदीचं भाषांतर पुन्हा शोधलं जातं. चौकटींतली चिन्हं काढा, कुणालाही त्यांची उणीव भासणार नाही. मेनूचं तयार झालेलं एचटीएमएल भाषेनुसार ट्रान्झियंटमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवा. आणि रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा प्रोग्राम) लावून कायमस्वरूपी ऑब्जेक्ट कॅश, म्हणजे क्वेरींची उत्तरं पुन्हा वापरायला जपणारी सोय, चालू करा.

रेडिसबद्दल एक इशारा. वर्डप्रेस ६.१ पासून, म्हणजे २०२२ च्या नोव्हेंबरपासून, यादीच्या क्वेरींचे निकालही ऑब्जेक्ट कॅशमध्ये राहतात. पण कुठल्याही पोस्टमध्ये किंवा तिच्या मेटामध्ये बदल झाला की शेवटच्या बदलाची खूण पुढे सरकते आणि ते सगळे निकाल शिळे ठरतात. तुमच्याकडे साठ्याचा एक आकडा बदलला की तो पाच प्रतींत लिहिला जातो, म्हणजे खूण पाचदा सरकते. दिवसभर थोडा-थोडा साठा बदलत राहिला तर रेडिस भरतोय आणि फेकतोय, एवढंच चालेल. म्हणून साठा दर मिनिटाला चढवू नका. अर्ध्या तासाने एकदाच, एकगठ्ठा चढवा. घाऊक व्यापारात अर्ध्या तासाने कुणाचं अडत नाही.

विहीर खोल असेल, म्हणजे क्वेरी शंभरच पण त्यातली एक ५ सेकंदांची, तर ती बहुधा मुख्य यादीचीच असते. वर्डप्रेसच्या पोस्ट टेबलात प्रकार, स्थिती आणि तारीख यांचा मिळून एक इंडेक्स आहे. साधी यादी त्यावरून झरझर निघते. भाषेची अट आली की क्वेरीला दुसरं टेबल जोडावं लागतं. डब्ल्यूपीएमएल हे भाषांतराचं प्लगिन त्यासाठी स्वतंत्र टेबल ठेवतं. पॉलीलँग हे दुसरं प्लगिन भाषेलाच टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवारी, बनवतं. रीत कुठलीही असो, डेटाबेस कधी कधी उलट्या बाजूने सुरुवात करतो: आधी तेलुगूतल्या सगळ्या २९ हजार पोस्ट गोळा करतो, मग त्यातल्या प्रॉडक्ट वेगळ्या काढतो, मग क्रम लावतो आणि त्यातल्या ४८ तुम्हाला देतो. क्वेरीच्या पुढे एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते सांगणारी आज्ञा) लावून बघा. तात्पुरतं टेबल आणि फाइलसॉर्ट हे दोन शब्द एकत्र दिसले तर हेच घडतंय. मेटामधल्या किमतीवर क्रम लावला असेल तर आणखी वाईट, कारण मेटा व्हॅल्यूवर इंडेक्सच नसतो. वूकॉमर्सने किंमत आणि साठ्यासाठी वेगळं लुकअप टेबल दिलेलं आहे. थीम जुनी असली तर ती ते न वापरता थेट मेटात हात घालते. तुमच्या थीमचं यादीचं टेम्प्लेट मी पाहिलेलं नाही, पण ही शंका मला दाट आहे. आणि स्लो क्वेरी लॉग (लांबलेल्या क्वेरींची नोंद) चालू करताना वेळेची मर्यादा खाली आणा. ती मुळात १० सेकंदांची असते. तुमच्या ५ सेकंदांच्या क्वेरीची त्यात नोंदच होणार नाही. मी १ सेकंद ठेवतो.

आता रात्रीच्या चढवणीकडे येतो. इथे मी जरा थांबणार आहे, कारण ही गोष्ट इंग्रजीत लिहिलेल्या सल्ल्यांत क्वचितच मिळते. ती आपल्या लिप्यांच्या वाट्याला आलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका टॉवेल-चादरवाल्यांच्या साइटवर मी तीन रात्री घालवल्या. नवीन हंगामाचा माल एक्सेलमधून चढवायचा होता. पहिली पन्नास प्रॉडक्ट भराभर जायची. मग हळू. मग आणखी हळू. तीनशेच्या पुढे एकेक प्रॉडक्ट रेंगाळायला लागायचं. सर्व्हर निवांत, मेमरी रिकामी, प्लगिन एकेक करून बंद केले तरी तेच. इंग्रजीतली तीच फाइल मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका वेगाने जात होती. तिसऱ्या रात्री क्वेरींची नोंद उघडून बसलो तेव्हा एकच क्वेरी पुन्हा पुन्हा, शेवटचा आकडा तेवढा बदलत, शेकडो वेळा दिसली.

घडत होतं ते असं. पोस्टच्या पत्त्यातला जो शेवटचा भाग, ज्याला स्लग म्हणतात, तो पोस्ट टेबलात २०० अक्षरांच्या खणात राहतो. इंग्रजीला २०० म्हणजे भरपूर. पण देवनागरी स्लग वर्डप्रेस जसाच्या तसा ठेवत नाही. त्यातलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकी लेखनपद्धतीत ३ बाइटचं असतं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह ३ अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे आपलं एक चिन्ह तिथे ९ अक्षरं खातं. आणि चिन्ह म्हणजे जोडाक्षर नव्हे, तर अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडला तर ते हलंतही वेगळं. 'सोलापुरी' म्हणजे ८ चिन्हं, ७२ अक्षरं. 'जेकार्ड' ७ चिन्हं, ६३. 'चादर' ४ चिन्हं, ३६. 'डबल' ३ चिन्हं, २७. मधल्या तीन रेघा धरून 'सोलापुरी-जेकार्ड-चादर-डबल' ची बेरीज २०१ होते. खणापेक्षा एकाने जास्त. म्हणून वर्डप्रेस शेवटचा 'ल' सोडून देतं आणि स्लग उरतो 'सोलापुरी-जेकार्ड-चादर-डब'.

आता त्या नावापुढे 'बेड लाल मोर नक्षी' असो की 'बेड निळी चौकडी', सगळ्यांचा स्लग एकच: '…डब'. दोन पोस्टचा स्लग सारखा चालत नाही, म्हणून वर्डप्रेस मागे २ लावून बघतं. तो घेतलेला असेल तर ३, मग ४. प्रत्येक वेळी डेटाबेसला नवी क्वेरी. ३८० व्या चादरीला ३८० क्वेरी. पहिल्यापासून बेरीज केली तर ७२,३९०. त्यात मराठी आणि हिंदी दोन्हींत हे शब्द अगदी सारखे आहेत. प्लगिन जर भाषेनुसार स्लग वेगळे धरत नसेल तर ७६० पोस्ट एकाच रांगेत उभ्या राहतात आणि बेरीज २ लाख ८९ हजारांवर जाते. आणि ही झाली फक्त प्रॉडक्टची. व्हेरिएशनच्या नावातही आधी तेच प्रॉडक्टचं नाव आणि मग रंग-माप असतं, तेव्हा तिथेही तीच कापाकापी.

याहून पुढची गोष्ट अशी की स्लगवरचा इंडेक्स पूर्ण २०० अक्षरांचा नसतो, पहिल्या १९१ अक्षरांचाच असतो. जुन्या इनोडीबीत इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट होती, आणि यूटीएफ-८ एमबी-४ मध्ये एका अक्षराला ४ बाइट धरले की १९१ च मावतात. आपला कापलेला स्लग १९२ अक्षरांचा. मागे लावलेला आकडा १९३ व्या जागेनंतर सुरू होतो. म्हणजे जिथे फरक आहे तिथपर्यंत इंडेक्स पोहोचतच नाही. इंडेक्सच्या नजरेत त्या साऱ्या पोस्ट एकसारख्या, म्हणून डेटाबेस प्रत्येक क्वेरीला त्यातली एकेक ओळ उघडून बघतो. क्वेरी वाढत जातात आणि प्रत्येक क्वेरीचं कामही वाढत जातं. माझी चढवणी तीनशेच्या पुढे का रेंगाळत होती ते तेव्हा कळलं.

तेलुगू आणि कन्नड लिप्यांचंही अगदी हेच, तिथेही एका चिन्हाला ३ बाइट. तुमच्या पाचांपैकी चार भाषा या खड्ड्यात आहेत. खात्री करायची असेल तर पोस्ट टेबलात स्लगची लांबी १८५ च्या वर असलेल्या ओळी मोजा.

उपाय सोपा आहे. चढवताना स्लग नावावरून बनू देऊ नका, मालाच्या कोडवरून द्या. टॅलीत प्रत्येक चादरीला कोड असतोच. तो इंग्रजी अक्षर-आकड्यांचा आणि एकमेव असतो. त्यापुढे भाषेचं एखादं अक्षर जोडलं की स्लग तयार, एका क्वेरीत काम. शीर्षक, वर्णन, पानावरचा सगळा मजकूर आपल्या लिपीतच राहील. वाचणारा तो वाचतो, पत्त्याची शेपटी नाही. आधीच चढलेल्या पोस्टचे स्लग बदललेत तर वर्डप्रेस जुना स्लग मेटात जपून ठेवतं आणि जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे पाठवतं. मात्र हे त्याच्या नेहमीच्या मार्गाने, म्हणजे कमांड लाइनवरून पोस्ट अपडेट करून, बदललं तरच होतं. थेट डेटाबेसमध्ये बदल केलात तर व्यापाऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलेल्या सगळ्या लिंक मरतील.

साठ्याच्या चढवणीत आणखी एक गोष्ट आहे, ती तुलनेने साधी. तुम्ही रोज सगळ्या २९,४०० नोंदी पुन्हा लिहिता, प्रत्येकीच्या पाच प्रती, आणि प्रत्येक सेव्हला भाषांतराचं प्लगिन, एसईओचं (सर्चमध्ये वर आणणारं) प्लगिन, कॅशचं प्लगिन आपापली कामं करतात. दिवसात खरोखर किती मालाचा साठा बदलतो? तुमच्या उलाढालीवरून दोनशे-तीनशेच्या वर नसावा. कालची फाइल ठेवा, आजच्या फाइलशी ताडून बघा, बदललेल्याच ओळी चढवा. कॅश साफ करणं प्रत्येक ओळीला नको, शेवटी एकदा. ब्राउझरमधून न चालवता डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनाने चालवा, म्हणजे वेळ संपून मध्येच तुटणार नाही. आणि वर्डप्रेसचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं लावणारी यंत्रणा, पाहुण्यांच्या भेटीवर अवलंबून असतो. तो बंद करून सर्व्हरच्या खऱ्या क्रॉनला जोडा.

प्रॉडक्ट सेव्ह करायला लागणाऱ्या ४० सेकंदांमागेही हीच पाच प्रतींची साखळी आहे: एक सेव्ह, मग सहा व्हेरिएशन, मग प्रत्येकाच्या चार भावंडांत किंमत-साठ्याची नक्कल. प्लगिनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक मेटासाठी 'नक्कल करा', 'भाषांतर करा', 'दुर्लक्ष करा' असे पर्याय असतात. कुणी तरी सुरुवातीला घाईत सगळ्यांवर 'नक्कल करा' टिचकी मारलेली असते. बसून एकदा ती यादी गाळा. पेज बिल्डरच्या, एसईओच्या, मोजणीच्या तात्पुरत्या नोंदींची नक्कल करायची काहीच गरज नसते. दोन तासांचं कंटाळवाणं काम आहे, पण एका साइटवर एवढ्यानेच सेव्हचा वेळ निम्म्याखाली आलेला मी पाहिलाय.

तुटक मजकुराच्या भाषांतराचं टेबल बघा. बटणांवरचे शब्द, फॉर्मची लेबलं, सूचना तिथे राहतात. एवढ्या साइटला काही हजार ओळी पुरतात. लाखांत दिसल्या तर समजा की बदलता मजकूर आपोआप नोंदला जातोय: 'फक्त १४ नग शिल्लक', 'फक्त १३ नग शिल्लक', प्रत्येक ऑर्डर क्रमांकासह आलेली सूचना, प्रत्येक तारीख. प्रत्येक वेगळा आकडा म्हणजे नवं वाक्य, आणि त्याच्या पाच जागा. पान तयार झाल्यावर वरून भाषांतर करणाऱ्या, ट्रान्सलेटप्रेससारख्या घराण्यातल्या प्लगिनांना हे जास्त जपावं लागतं, कारण त्यांना सगळा मजकूर पानावरूनच वेचायचा असतो. नोंदणी गरजेपुरती चालू करा, शब्द गोळा झाले की बंद. आकडा वाक्याच्या बाहेर काढा, म्हणजे वाक्य एकच राहील. साचलेलं काढताना मात्र आधी त्या टेबलाचा बॅकअप. माणसाने मेहनतीने केलेलं भाषांतरही त्याच ढिगात असतं.

वर्डप्रेसची आवृत्ती तुम्ही लिहिलेली नाही. ६.५ च्या खाली असाल तर वर या. २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून भाषेच्या फाइली पीएचपीच्या रूपातही वाचल्या जातात आणि त्या ओपीकॅशमध्ये, म्हणजे पीएचपीच्या मेमरीतल्या साठ्यात, राहतात. इंग्रजीखेरीज चारही भाषांना याचा फायदा आपोआप मिळतो. वर्डप्रेसच्याच साइट हेल्थ या तपासणीच्या पानावर ऑटोलोड ऑप्शन्सचा, म्हणजे आपोआप वाचल्या जाणाऱ्या सेटिंगांचा, आकार बघा. हे प्रत्येक विनंतीला वाचलं जाणारं ओझं आहे. ६.६ पासून ते ८०० केबीच्या वर गेलं की वर्डप्रेस स्वतःच सांगतं. जुनी, काढून टाकलेली भाषांतर प्लगिनं आपली सेटिंगं तिथे मागे ठेवून जातात.

पाहुण्यांसाठीची कॅश आणि भाषा यांचं एकच सांगतो. भाषा पत्त्यात ठेवा, कुकीत नको. पत्ता वेगळा तर कॅशला पान वेगळं कळतं आणि गूगललाही. ब्राउझरची भाषा बघून आपोआप वळवणं बंद करा. त्याने कॅश फसते, आणि आपल्याकडे त्याचा उपयोगही नाही. पूर्व भागातल्या कितीतरी तेलुगू घरांतला फोन इंग्रजीवरच असतो. तिथे वर ठळक अक्षरांत 'తెలుగు' असं लिहिलेलं बटण देणंच बरं, आणि ते त्याच लिपीत हवं, देवनागरीत नको.

सर्च इंजिनांचे आणि बाकीचे बॉटही (आपोआप पानं वाचणारे प्रोग्राम) तपासा. १२ रंग, ६ मापं, क्रम लावायच्या ५ तऱ्हा आणि ५ भाषा, एकाच विभागाचे १,८०० पत्ते होतात, आणि त्यातला जवळजवळ एकही कॅशमध्ये नसतो. ॲक्सेस लॉगमध्ये फिल्टरचे पत्ते किती आणि कोण मागतंय ते मोजा, आणि रोबोट्सच्या फाइलीत (robots.txt) ते अडवा. तुमचा सर्व्हर दुपारी, गिऱ्हाईक नसतानाही दमलेला दिसतो असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण हे असण्याची शक्यता मोठी आहे.

सगळं एकदम हातात घेऊ नका, नाही तर कशाने काय झालं ते कळणार नाही. उद्या बफर पूल. मग दोन दिवस नुसतं मोजा. त्यानंतर साठ्याची ताडणी आणि कोडवरून स्लग, पण फक्त नव्या मालासाठी. जुन्या मालाचे स्लग सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आणि संक्रांतीची गर्दी सरल्यावर, एका वेळी एक विभाग, आधी स्टेजिंगवर. थीमचं टेम्प्लेट आणि मेटाची गाळणी त्यानंतर. आणि मालकांना आत्ताच सांगून ठेवा की १६ जीबीचे पैसे महिनाभर थांबवा. त्यातले थोडे पैसे तेलुगू आणि कन्नड नावं एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायला वापरले तर जास्त उपयोगी पडतील. यंत्राने केलेल्या भाषांतरात 'पंचा' आणि 'टॉवेल' एकच होऊन बसतात, आणि माल परत येतो.

बफर पूल बदलला की तेलुगूतल्या चादरींच्या पानाचे ते दोन आकडे मला पाठवा: एकूण क्वेरी आणि सगळ्यात लांब क्वेरी. मराठीचे नंतर पाठवलेत तरी चालेल.